साठी, बुद्धी आणि शंभर वर्षांचा तपास

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की तिच्यात एक अख्खा वैद्यकीय सिद्धांत दडलाय हे लक्षातच येत नाही. सिद्धांत असा: वय झालं की डोकं चालेनासं होणारच. केस पिकतात, गुडघे कुरकुरतात, तसंच हे. त्याला वेगळं कारण नको, आणि इलाज तर नकोच नको. हसण्याआधी एक सांगतो. युरोप-अमेरिकेतल्या बड्या बड्या डॉक्टरांचंही साधारण १९७० पर्यंत हेच मत होतं. ते फक्त ‘सेनिलिटी’ असा भारदस्त शब्द वापरायचे, एवढाच काय तो फरक.

मग हा ‘म्हातारपणाचा भाग’ अल्झायमर नावाचा आजार कधी झाला? आणि त्याचं कारण शोधताना शास्त्रज्ञ कुठे कुठे जाऊन आले? गेले काही विकांत मी याच वाचनात घालवले. मी डॉक्टर नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण ही गोष्ट वाचताना सारखं ओळखीचं वाटत होतं. प्रॉडक्शनमध्ये काही कोसळलं की लॉगमध्ये जी एरर सगळ्यात ठळक दिसते, तिच्यावर सगळे तुटून पडतात. ती एरर मूळ कारण असेलच असं नाही. कधी ती परिणाम असते, कधी नुसती शेजारी उभी असते. अल्झायमरच्या मेंदूत पहिल्यांदा काय दिसलं हे १९०६ पासून माहीत आहे. ते कारण आहे की परिणाम, यावर आजही भांडण चालू आहे. आणि इथे पणाला एखादं रिलीज लागलेलं नाही, माणसं लागली आहेत. भारतातल्या एका मोठ्या पाहणीनुसार (२०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली) साठीच्या पुढच्या लोकांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. आणि डिमेन्शियाचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे अल्झायमर.

तर सुरुवातीपासून सुरू करू.

फ्रँकफर्टच्या ऑगस्टबाई

नोव्हेंबर १९०१. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईंना दाखल केलं. नवरा रेल्वेत कारकून. बाई आधी नवऱ्यावर संशय घ्यायला लागल्या, मग स्वयंपाक चुकायला लागला, वस्तू कुठेतरी लपवून ठेवायच्या आणि विसरायच्या. तिथला डॉक्टर अलॉइस अल्झायमर तेव्हा ३७ वर्षांचा होता. त्याने प्रश्नोत्तरं लिहून ठेवलीत. नाव काय? ऑगस्ट. आडनाव? ऑगस्ट. नवऱ्याचं नाव? पुन्हा ऑगस्टच. जेवताना पानात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय विचारल्यावर म्हणाल्या, पालक.

ही फाईल नंतर हरवली आणि १९९० च्या दशकात फ्रँकफर्टमध्येच पुन्हा सापडली. १९९७ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, म्हणून आपल्याला इतके बारकावे कळतात.

अल्झायमर पुढे म्युनिकला एमिल क्रेपेलिनच्या हाताखाली गेला. क्रेपेलिन म्हणजे त्या काळातलं मानसोपचारातलं सगळ्यात वजनदार नाव. एप्रिल १९०६ मध्ये ऑगस्टबाई वारल्या आणि त्यांचा मेंदू म्युनिकला आला. तेव्हा चांदीचे क्षार वापरून मेंदूचे काप रंगवायची पद्धत नवीनच निघाली होती. त्या रंगात अल्झायमरला दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर चिकट डागांसारखे साठे, यांना ‘प्लाक’ म्हणतात. आणि पेशींच्या आत दोऱ्याचा गुंता व्हावा तशा गाठी. प्लाक आधीही काहींनी पाहिले होते. गुंते मात्र नवे होते.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या परिषदेत त्याने हे मांडलं. श्रोत्यांतून एकही प्रश्न आला नाही. (आपल्या डेमोला असं झालं की आपण खूश होतो. तो बहुधा झाला नसावा.)

इथे एक दुसरं पात्र येतं, ज्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. प्रागचा ऑस्कर फिशर. १९०७ मध्ये त्याने म्हातारपणी स्मृतिभ्रंश झालेल्या १६ जणांचे मेंदू तपासले आणि त्यातल्या १२ जणांत त्याला हेच प्लाक दिसले. म्हणजे पन्नाशीतल्या ऑगस्टबाईंच्या मेंदूत जे होतं, तेच ‘वय झालेल्या’ माणसांच्या मेंदूतही होतं. दोन्ही एकच आजार असावेत हे तिथेच सुचायला हवं होतं. पण १९१० मध्ये क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत ‘अल्झायमरचा आजार’ असं नाव छापून टाकलं, आणि तो म्हातारपणाआधी होणारा वेगळा आजार असल्यासारखा मांडला. घाई का केली? म्युनिक विरुद्ध प्राग अशी प्रयोगशाळांची चढाओढ होती, असं काही इतिहासकार म्हणतात. कारण काहीही असो, परिणाम मोठा झाला. पासष्टच्या आत झाला तर ‘अल्झायमर’, म्हणजे दुर्मीळ आजार. नंतर झाला तर ‘म्हातारपण’, म्हणजे आजारच नाही. एका पुस्तकातल्या वर्गीकरणामुळे लाखो म्हातारी माणसं पुढची साठेक वर्षं संशोधनाच्या कक्षेबाहेर राहिली. फिशर ज्यू होता. १९४२ मध्ये नाझींच्या तेरेझिनच्या छावणीत तो मेला. त्याचं कामही त्याच्याबरोबर विस्मरणात गेलं.

मधली सामसूम

पुढच्या काळात एक निराळाच विचार आला. १९३० च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड रॉथ्सचाइल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने एक विचित्र गोष्ट दाखवली. काहींच्या मेंदूत भरपूर बिघाड असूनही माणूस बऱ्यापैकी ठणठणीत होता, आणि काहींच्या मेंदूत कमी बिघाड असून माणूस पार हरवलेला. त्यावरून त्याने म्हटलं की मेंदूतली खराबी हा अर्धाच भाग. त्या माणसाचा स्वभाव आणि परिस्थिती त्या खराबीला कसं तोंड देते हा उरलेला अर्धा. निवृत्ती, एकटेपण, रिकामपण यांनाही त्याने जबाबदार धरलं.

हा विचार पुढे मागे पडला, पण त्यामागचं निरीक्षण खोटं नव्हतं. १९८६ मध्ये डेव्हिड स्नोडनने अमेरिकेतल्या जोगिणींचा (ख्रिस्ती मठातल्या नन्स हो!) अभ्यास सुरू केला. ६७८ जणींनी मेल्यावर मेंदू द्यायचं कबूल केलं. त्यातल्या एक सिस्टर १०१ व्या वर्षी वारल्या. शेवटपर्यंत स्मरणशक्तीच्या चाचण्यांत चांगले गुण, आणि मेंदू उघडला तर प्लाक आणि गुंते भरपूर! ही सिस्टर या सगळ्या गोष्टीत लक्षात ठेवा. पुढे जो जो सिद्धांत येईल त्याला हिच्याबद्दल उत्तर द्यावंच लागतं.

फिशरचं बरोबर होतं हे मान्य व्हायला १९६८ उजाडलं. न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी म्हाताऱ्या माणसांच्या मरणाआधी चाचण्या घेतल्या आणि नंतर मेंदूतले प्लाक चक्क मोजले. प्लाक जास्त तिथे डिमेन्शिया जास्त, असं ढोबळ नातं निघालं. मग १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमनने एका संपादकीयात सरळ लिहिलं की वयाची ही रेघ पुसून टाका, दोन्ही एकच आजार आहेत. रेघ पुसल्याबरोबर एक दुर्मीळ आजार अमेरिकेतल्या मृत्यूंच्या पहिल्या पाच कारणांत जाऊन बसला. रुग्ण तेच, मेंदू तेच. बदलली ती फक्त व्याख्या. व्याख्येत किती ताकद असते बघा.

आजार झाला म्हणजे कारण हवं. आणि इथून संशयितांची रांग लागते.

संशयित पहिला: ॲल्युमिनियम

१९६५ मध्ये सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे क्षार टोचले तर पेशींमध्ये गुंते तयार होतात असं दिसलं. १९७३ मध्ये कॅनडातल्या क्रॅपर आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ॲल्युमिनियम जास्त असल्याचं लिहिलं. त्याच दशकात डायलिसिसवरच्या काही रुग्णांना वेगळाच स्मृतिभ्रंश होऊ लागला आणि त्याचं कारण खरोखर ॲल्युमिनियम निघालं. झालं! लोकांनी भांडी फेकायला सुरुवात केली. जर्मनचे टोप आणि ॲल्युमिनियमची कढई यांच्याबद्दल आपल्याकडच्या स्वयंपाकघरात आजही जी कुजबुज चालते, तिचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

मग घसरलं कुठे? सशांमधले गुंते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर माणसाच्या गुंत्यांसारखे नव्हतेच. माणसात दोन तंतू एकमेकांना पीळ घातल्यासारखे असतात, सशात सरळ. डायलिसिसच्या रुग्णांच्या मेंदूतही अल्झायमरचं ठरावीक चित्र नव्हतं. आणि १९९२ मध्ये ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी कुठलाही रंग न लावता प्लाकचा गाभा तपासला तेव्हा त्यात ॲल्युमिनियम सापडलंच नाही. म्हणजे आधीच्या काही निष्कर्षांत नमुना तयार करतानाच बाहेरचं ॲल्युमिनियम मिसळलं असण्याची शक्यता पुढे आली. आपल्या भाषेत: टेस्ट एन्व्हायरन्मेंटच खराब होतं.

ॲल्युमिनियम मेंदूला घातक असू शकतं, हे खरंच आहे. पण ‘घातक आहे’ आणि ‘या आजाराचं कारण आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

संशयित दुसरा: रसायनाचा तुटवडा

१९६० च्या दशकात पार्किन्सनमध्ये एक चमत्कार झाला होता. मेंदूत डोपामिन कमी पडतं हे कळलं, ते भरून काढणारं औषध दिलं, आणि थिजलेली माणसं हलायला लागली. साहजिकच प्रश्न आला, अल्झायमरमध्ये काय कमी आहे? १९७६ च्या सुमारास एडिंबरो, लंडन आणि न्यूकॅसल अशा तीन ठिकाणांहून एकच उत्तर आलं: ॲसिटिलकोलिन. एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारं हे रसायन स्मृतीला लागतं, आणि ते बनवणाऱ्या पेशी या आजारात मरतात.

या सिद्धांताने निदान औषधं तरी दिली. १९९३ मध्ये अमेरिकेत टॅक्रिन आलं (यकृताला त्रासदायक, पुढे बंद झालं) आणि १९९६ मध्ये डोनेपेझिल. डोनेपेझिल जपानच्या आयसाई कंपनीत हाचिरो सुगिमोतोच्या गटाने शोधलं. त्याच्या स्वतःच्या आईला डिमेन्शिया होता. ही गोळी आजही दिली जाते, आपल्याकडेही. काही रुग्णांना काही काळ थोडा फायदा होतो. पण पेशी मरायच्या थांबत नाहीत. म्हणजे तुटवडा खरा, पण तो वाटेतला एक टप्पा. सर्व्हर का पडतोय ते न बघता रिस्टार्टची स्क्रिप्ट लावून ठेवण्यासारखं. उपयोग नाही असं नाही, पण उत्तर ते नव्हे.

संशयित तिसरा: अमायलॉइड

आता मुख्य आरोपी.

१९८४ मध्ये सॅन डिएगोच्या जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी रुग्णांच्या मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांमध्ये साचलेला पदार्थ वेगळा काढला आणि तो कुठल्या प्रथिनाचा आहे ते ओळखलं. हेच ते बीटा अमायलॉइड. लगेच त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली: डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या मेंदूतही तेच प्रथिन असतं. डाउनच्या लोकांत २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, आणि चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांच्या मेंदूत प्लाक दिसतात. मग या प्रथिनाचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर असणार! १९८७ मध्ये ते बरोबर तिथेच सापडलं. असं भाकीत करून खरं ठरणं फार थोड्या सिद्धांतांच्या नशिबी असतं. (ग्लेनर १९९५ मध्ये वारला. कशाने? शरीरात अमायलॉइड साचण्याच्याच एका आजाराने. प्रथिन वेगळं, पण कुळ तेच.)

यानंतरचा दुवा एका पत्राने जोडला. १९८० च्या दशकात नॉटिंगहॅमच्या कॅरल जेनिंग्ज यांनी लंडनच्या संशोधकांना लिहिलं की माझे वडील आणि त्यांची काही भावंडं, सगळ्यांना पन्नाशीतच अल्झायमर झालाय. हा योगायोग वाटत नाही. १९९१ मध्ये जॉन हार्डीच्या गटातल्या ॲलिसन गोटने या घराण्यात अमायलॉइडच्याच जनुकातला बिघाड शोधून काढला. एक अक्षर बदललेलं, आणि तेवढ्याने आजार. कॅरलबाई पुढे स्वतः याच आजाराने आजारी पडल्या आणि २०२४ मध्ये गेल्या.

१९९२ मध्ये हार्डी आणि हिगिन्स यांनी ‘सायन्स’मध्ये हे सगळं एका साखळीत मांडलं. आधी अमायलॉइड साचतं, त्यातून गुंते होतात, त्यातून पेशी मरतात, त्यातून माणूस हरवतो. एकामागून एक पडणाऱ्या पत्त्यांसारखं. १९९५ मध्ये सापडलेली प्रेसेनिलिन जनुकंही अमायलॉइड कापून काढणाऱ्या यंत्रणेशीच जोडलेली निघाली. २०१२ मध्ये आइसलँडमध्ये अमायलॉइड कमी बनवणारा एक बदल सापडला, आणि तो असलेल्यांना आजार कमी होतो असं दिसलं. पुरावा भक्कम होता, हे मान्यच करायला हवं. नंतर ‘सगळेच मूर्ख होते’ म्हणणं सोपं असतं. ते मूर्ख नव्हते.

मग फिक्स साधा आहे ना? अमायलॉइड काढून टाका.

१९९९ मध्ये डेल शेंकने उंदरांना अमायलॉइडचीच लस दिली, प्लाक साफ! माणसांवर चाचणी सुरू झाली आणि जानेवारी २००२ मध्ये थांबवावी लागली, कारण सुमारे ६ टक्के लोकांच्या मेंदूला सूज आली. त्यातल्या काहींचे मेंदू पुढे मृत्यूनंतर तपासले, ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. काहींच्या मेंदूतले प्लाक जवळजवळ नाहीसे झालेले. आणि तरीही ती माणसं शेवटी पूर्ण डिमेन्शियातच गेली. मी इथे वाचन थांबवून चहा करायला उठलो. ज्याला खुनी समजत होतो त्याला अटक झाली आणि खून होतच राहिले.

पुढची यादी उदास करणारी आहे. २०१० मध्ये सेमागासेस्टॅट, अमायलॉइड बनणं रोखणारं औषध. रुग्ण जास्तच बिघडले, चाचणी बंद. २०१२ मध्ये बॅपिन्युझुमॅब अपयशी. सोलानेझुमॅब २०१२ मध्ये अपयशी, २०१६ मध्ये पुन्हा, आणि लक्षणं नसलेल्यांवर वापरून २०२३ मध्ये पुन्हा.

पैसा, प्रतिष्ठा आणि एक फोटो

दरवेळी बचाव एकच असायचा: औषध उशिरा दिलं. किंवा: प्लाक नव्हे, त्याआधीचे विरघळणारे छोटे पुंजके खरे विषारी. दोन्ही म्हणणी शक्य आहेत. पण सिद्धांताला प्रत्येक अपयशानंतर नवी पळवाट मिळत गेली तर तो खोटा ठरणार तरी कसा?

त्या छोट्या पुंजक्यांच्या बाजूने २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये एक गाजलेला लेख आला. मिनेसोटा विद्यापीठातल्या सिल्व्हाँ लेस्ने आणि सहकाऱ्यांनी असा एक विशिष्ट पुंजका उंदरांची स्मृती बिघडवतो असं दाखवलं. इतर संशोधकांनी तो लेख हजारो वेळा उद्धृत केला. २०२२ मध्ये ‘सायन्स’ मासिकाने एक शोधलेख छापला. त्यात मॅथ्यू श्रॅग या न्यूरॉलॉजिस्टने लेखातल्या चित्रांमध्ये फेरफार असल्याच्या खुणा दाखवल्या होत्या. जून २०२४ मध्ये ‘नेचर’ने तो लेख मागे घेतला.

या एका लेखामुळे अख्खा अमायलॉइड सिद्धांत खोटा ठरला, असं काही ठिकाणी लिहिलं गेलं. ते चूक आहे. जनुकांचा पुरावा या लेखावर अवलंबून नव्हताच. पण निधी कुठे जातो, कुठल्या विद्यार्थ्याला कुठल्या विषयावर पीएचडी मिळते, कुणाचा प्रस्ताव बाजूला पडतो, हे अशा लेखांनी ठरत असतं.

२०२१ मध्ये तर कमाल झाली. ॲडुकानुमॅब या औषधाच्या दोन चाचण्या २०१९ मध्ये ‘उपयोग नाही’ म्हणून थांबवल्या होत्या. कंपनीने आकडे पुन्हा तपासून एकीत फायदा असल्याचं सांगितलं. अमेरिकन एफडीएच्या सल्लागारांनी विरोधात कौल दिला. तरी जून २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, आणि तीन सल्लागारांनी राजीनामे दिले. वर्षाची किंमत सुरुवातीला ५६,००० डॉलर. २०२४ मध्ये कंपनीने औषधच सोडून दिलं.

आणि मग, सगळ्यांनी नाद सोडायच्या बेतात असताना, लेकॅनेमॅब आलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,७९५ रुग्णांच्या चाचणीत १८ महिन्यांनी घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. बातम्यांत २७ टक्केच झळकले. १८ गुणांच्या मापावर तो फरक ०.४५ गुणांचा होता. सुमारे आठातल्या एकाच्या मेंदूत स्कॅनवर सूज दिसली, बहुतेकांना तिचा त्रास जाणवला नाही, पण काहींना धोका झाला. जुलै २०२४ मध्ये याच जातीचं डोनानेमॅब अमेरिकेत मंजूर झालं. म्हणजे अमायलॉइड अगदीच निर्दोष नाही. पण घरी बसलेल्या आईला ०.४५ गुणांचा फरक जाणवेल का, आणि त्यासाठी दर काही आठवड्यांनी सलाइन, वरचेवर एमआरआय आणि तो खर्च करावा का, हा प्रश्न कुटुंबांपुढे उरतोच.

बाकीचे संशयित

पेशींच्या आतले गुंते आठवतात? ते ‘टाउ’ नावाच्या प्रथिनाचे असतात हे १९८० च्या दशकाच्या मध्यावर कळलं. १९९१ मध्ये हायको आणि एफा ब्राक या जोडप्याने हे गुंते मेंदूत ठरावीक क्रमाने पसरतात हे दाखवलं. सुरुवात स्मृतीच्या केंद्राशेजारी, मग हळूहळू बाहेर. माणूस किती हरवलाय याच्याशी प्लाकपेक्षा या गुंत्यांचं नातं जास्त जवळचं आहे. त्यामुळे संशोधकांत दोन पंथ पडले आणि त्यांची थट्टेतली नावं ‘बॅप्टिस्ट’ (बीटा अमायलॉइड प्रोटीनवाले) आणि ‘टाउइस्ट’. धर्मयुद्धच ते! मात्र १९९८ मध्ये टाउच्या जनुकातला बिघाड सापडला तेव्हा त्यातून अल्झायमर नाही, वेगळाच डिमेन्शिया होतो असं निघालं, प्लाकशिवाय. म्हणजे टाउ मेंदू मारू शकतो, पण त्याला या आजारात कोण उठवतं हा प्रश्न पुन्हा अमायलॉइडकडे बोट दाखवतो.

१९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेसच्या गटाला एपोई-४ सापडलं. नेहमीच्या, उतारवयातल्या अल्झायमरचा धोका वाढवणारं हे सगळ्यात मोठं जनुक. गंमत म्हणजे त्याचं मुख्य काम चरबी वाहून नेण्याचं.

मँचेस्टरच्या रूथ इट्झाकी १९९१ पासून म्हणत आल्या की नागिणीच्या कुळातला हर्पीस विषाणू मेंदूत दबा धरून बसतो आणि आजाराला हातभार लावतो. अनेक वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग वेल्समधून एक भारी निकाल आला. तिथे २०१३ मध्ये नागिणीची लस सुरू करताना नियम केला: २ सप्टेंबर १९३३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना लस, त्याआधीच्यांना नाही. म्हणजे एका आठवड्याच्या फरकाने जन्मलेली, बाकी सगळं सारखं असलेली माणसं दोन गटांत. आयतं ए-बी टेस्टिंग! एप्रिल २०२५ च्या ‘नेचर’मधल्या लेखानुसार लस घेतलेल्यांत सात वर्षांत डिमेन्शियाचं निदान सुमारे २० टक्के कमी झालं. पण लगेच उड्या मारू नका. नागिणीचा विषाणू इट्झाकींच्या विषाणूचा भाऊ आहे, तो स्वतः नव्हे. आणि हर्पीसवरचं औषध अल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहिलं, तर २०२५ मध्ये आलेल्या निकालात फायदा दिसला नाही.

हळद घातली की झालं?

भारताचं नाव या इतिहासात हमखास एका जागी येतं. हरियाणातल्या बल्लभगडच्या गावांत झालेला अभ्यास. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत पासष्टीपुढच्या लोकांत अल्झायमरचं प्रमाण वर्षाला हजारी ४.७ निघालं, आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या तुलनेच्या गटात १७.५. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात उंदरांना हळदीतलं कर्क्युमिन दिल्यावर अमायलॉइड कमी झालेलं दिसलं. दोन आणि दोन जोडून लोकांनी बावीस केले, आणि ‘भारतीयांना हळदीमुळे अल्झायमर होत नाही’ हा फॉरवर्ड जन्माला आला.

पण माणसांवर केलेल्या चाचणीत (२०१२) कर्क्युमिनचा काही उपयोग दिसला नाही. बल्लभगडमधल्या आकड्याला आयुर्मान, पाठपुराव्याचा कमी काळ, जनुकं अशी कितीतरी स्पष्टीकरणं असू शकतात, आणि अभ्यासकांनी स्वतःही सावधपणेच लिहिलं होतं. वर दिलेला ८८ लाखांचा आकडा हळद खाणाऱ्यांच्याच देशातला आहे. आमटीत हळद जरूर घाला, पण आमटीसाठी.

मग आज कुठे आहोत?

मला वाचून जे समजलं ते असं. अमायलॉइड बहुतेक ठिणगी आहे, आग नव्हे. आग टाउची, मेंदूतल्या दाहाची, खराब रक्तवाहिन्यांची. एकदा ती लागली की काडेपेटी काढून घेऊन फार फरक पडत नाही. आणि १०१ वर्षांच्या त्या सिस्टर सांगतात की काही घरं आगीतही उभी राहतात. रॉथ्सचाइल्डच्या त्या टाकून दिलेल्या विचाराला आज ‘कॉग्निटिव्ह रिझर्व्ह’ म्हणतात आणि त्यावर परिषदा भरतात. ‘एक आजार, एक कारण, एक गोळी’ हा आराखडाच बहुधा इथे लागू नाही.

हे निराशाजनक वाटतं का? मला उलट वाटलं. कारण अनेक असतील तर हात घालायला जागाही अनेक. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोके मांडले: कमी शिक्षण, बहिरेपण, ब्लड प्रेशर, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, एकटेपणा, नैराश्य, अधू नजर, प्रदूषण वगैरे. हे सगळे हाताळले तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येतील असा त्यांचा अंदाज आहे. हा अंदाजच आहे, वचन नव्हे. पण यातल्या बऱ्याच गोष्टी अशा आहेत की अंदाज चुकला तरी नुकसान काही नाही.

आणि यात आपल्या पिढीसाठी एक गोष्ट आहे, जी मला औषधांपेक्षा मोठी वाटते. मेंदूत हे साठे लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून जमायला लागतात. म्हणजे ज्यांचे आई-बाबा आज साठीत आहेत त्यांच्यासाठी ‘पुढे बघू’ म्हणायची वेळ टळत चालली आहे, आणि आपली स्वतःची सुरू व्हायची आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण इथे नुसती चुकीची नाही, महागातही पडते. कारण ‘वय झालंय’ म्हटलं की तपासणी होत नाही, बीपीची गोळी चुकलेली कळत नाही, ऐकू न आल्याने गप्प बसलेला माणूस ‘विसराळू’ म्हणून सोडून दिला जातो.

बाबा गेलं वर्षभर टीव्हीचा आवाज वाढवत चाललेत. ‘वयाप्रमाणे होतंच रे,’ हे त्यांचं उत्तर. येत्या शनिवारची कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. ते कुरकुरत का होईना, येतो म्हणालेत.